धारणीच्या कुत्रीची गाठ आणि परळचे उंदीर

मेळघाटात राखणीची कुत्री सात-आठ वर्षांची झाली, चार-पाच वेळा व्याली, की कधीकधी तिच्या पोटाखाली गाठ हाताला लागते. कुत्रीला स्तनांच्या साधारण पाच जोड्या असतात; गाठ बहुधा मागच्या दोन जोड्यांत, कारण ग्रंथीचा भाग तिथंच जास्त. धारणीचा गुरांचा डॉक्टर दिवसभर गाई-बैल आणि शेळ्यांत गुंतलेला. त्याच्यापुढं अशी कुत्री आणलीच, तर ती गाठ जमिनीला घासून चिघळल्यावर. मग मालक विचारतो, हा कॅन्सर आहे का? पाठ्यपुस्तकं सांगतात की अशा गाठींपैकी ढोबळमानानं निम्म्या साध्या निघतात आणि निम्म्या घातक. नुसत्या बोटांनी चाचपून उत्तर देणं म्हणजे छापा-काटाच.

या प्रश्नाला अलीकडे मिळालेलं उत्तर असं: गाठीतली कोणती जनुकं किती काम करताहेत ते मोजायचं आणि त्यावरून ओळखायचं. मात्र या उत्तराचं कूळ शोधत मागं गेलं, तर कुत्र्यांपेक्षा उंदीरच जास्त भेटतात.

आधी सूक्ष्मदर्शक. योहानेस म्युलरनं १८३८ मध्ये गाठींच्या पेशी भिंगाखाली पाहून मांडल्या, त्याचा शिष्य विर्शो पुढं गेला, आणि पेशींच्या चेहऱ्यावरून गाठीची जात ठरवायची रीत पडली. कुत्रीच्या गाठींसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं वर्गीकरण १९७४ मध्ये आलं. पण कुत्रीची गाठ मोठी चकवणारी. पुष्कळदा ती मिश्र असते: दुधाच्या ग्रंथीत चक्क कूर्चा, कधी हाड. कापताना सुरी करकरते. बाईच्या स्तनात असं क्वचितच दिसतं. शिवाय एकाच कुत्रीला तीन-चार गाठी असू शकतात, एक निरुपद्रवी आणि शेजारची प्राणघातक.

आता उंदीर. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन बिटनर यांनी पिल्लांची अदलाबदल केली. स्तनाचा कर्करोग ज्यांच्या वंशात हमखास होई, ती पिल्लं निरोगी वंशाच्या दाईला पाजायला दिली. त्यांच्यातला रोग घटला. आईच्या दुधातून काहीतरी जात होतं. पुढं तो विषाणू निघाला. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालयात वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली याच प्रश्नावर काम करत होत्या पुण्याच्या कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडं त्या पेशी वाढवायला शिकल्या आणि परतून त्यांनी इथं ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू मिळून उंदराच्या स्तनात रोग कसा घडवतात, हा त्यांचा विषय. मराठी वाचकाला त्यांचं नाव पद्मभूषणामुळं ठाऊक असतं. उंदरांचं हे काम मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि या मागोव्यात तेच महत्त्वाचं आहे.

कारण दुधातला तो विषाणू आरएनए-विषाणू होता. असे विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनए कसा बनवतात, हे १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी एकाच सुमारास दाखवलं. एकानं कोंबडीच्या विषाणूत, दुसऱ्यानं उंदराच्या. हे काम करणाऱ्या विकराचं नाव रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. एका कुत्रीच्या सगळ्या पेशींत जनुकं जवळपास सारखीच, फरक कामाचा. जे जनुक कामात आहे त्याचा आरएनए पेशीत सापडतो. तो नाजूक आरएनए टिकाऊ डीएनएत उतरवून मग मोजायचा, आणि उतरवायला लागतो हाच विकर. आजही तो बहुतेक उंदरांच्या ल्युकेमियाच्या विषाणूकडून घेतलेला असतो. गाठी करणाऱ्या विषाणूंच्याच हत्यारानं आपण गाठ वाचतो!

पुढची पिढी भराभर आली. १९९५ मध्ये स्टॅनफर्डला काचेवर जनुकांचे ठिपके देऊन एकाच वेळी अनेकांचं काम मोजलं गेलं. २००२ मध्ये अॅमस्टरडॅमच्या गटानं ७० जनुकांवरून बायकांच्या स्तनाचा कर्करोग पसरेल का याचा अंदाज बांधला. २००५ मध्ये ताशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि हीच चाचणी कुत्र्यांवर करता येऊ लागली. २००९ मध्ये बाई आणि कुत्री यांच्या गाठींची तुलना झाली, तेव्हा बिघडलेल्या वाटा बऱ्याच सारख्या निघाल्या. बर्लिनच्या क्लोपफ्लाइश यांनी पसरलेल्या आणि न पसरलेल्या गाठी वेगळ्या काढणारा ठसा शोधला. २०१३ मध्ये वॉर्साच्या गटानं साधी आणि घातक गाठ ओळखायला पाच जनुकं सुचवली. तरी कूर्चा-हाडाची मिश्र गाठ इथंही आडवी येते. नमुन्यात स्नायूसारख्या पेशी किती आल्या यावर मोजमाप हलतं, आणि तो फरक कर्करोगाच्या माथी मारणं सोपं असतं. ही चाचणी अजून नेहमीच्या दवाखान्यात रुळलेली नाही, याचं मला नवल वाटत नाही.

धारणीपुरती अडचण आणखी सरळ आहे. आरएनए काही मिनिटांतच तुटू लागतो. गाठ कापल्या कापल्या गोठवावी लागते, नाहीतर आरएनए जपणाऱ्या द्रावणात बुडवावी लागते. सूक्ष्मदर्शकासाठी फॉर्मॅलिनच्या बरणीत ठेवलेला तुकडा मात्र हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत घाट उतरून अकोल्याच्या किंवा नागपूरच्या पशुवैद्यक संस्थेत शाबूत पोचतो. एक भाग गाठ, दहा भाग फॉर्मॅलिन, एवढं पाळलं की झालं. बाकी मोजपट्टी: तीन सेंटिमीटरच्या आतली गाठ काढली, तर कुत्री जगण्याची आशा बरी, पाचच्या वर गेली की कमी.

या कुळात एक जुनी शाखाही आहे. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात श्नायडर आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की पहिल्या माजाआधी नसबंदी केलेल्या कुत्रीला हा धोका, न केलेल्या कुत्रीच्या तुलनेत, अर्धा टक्काच उरतो. पहिल्या माजानंतर आठ, दुसऱ्यानंतर सव्वीस. २०१२ च्या एका आढाव्यानं या बाबतीतला एकूण पुरावा कमकुवत ठरवला. आपल्याकडं भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते ती रेबीज आणि संख्या डोळ्यांपुढं ठेवून; पोटाखालच्या गाठीचा विचार त्यात कुणी केलेला नसतो.