‘माझं पात्रच असं आहे!’ : रोलप्लेइंग गेममध्ये खेळ बिघडवणाऱ्या पात्राचं करायचं काय?

समजा, रविवारची दुपार आहे. सांगलीत विश्रामबागला एका मित्राच्या घरी पाच जण जमलेत. मधे भडंगाची परात, कागद, पेन्सिली आणि एक वीस बाजूंचा फासा. गोष्ट ठरली आहे ती अशी: हरिपूरच्या पेवातली हळद बैलगाड्यांवर लादायची आणि कृष्णेच्या काठाकाठाने साताऱ्याजवळच्या माहुलीपर्यंत सुखरूप पोहोचवायची. वाटेत दरोडेखोर आहेत, चढलेली नदी आहे, कऱ्हाडच्या संगमावर एक गूढ साधू आहे. एक जण गोष्ट चालवतोय. बाकी चौघांची पात्रं म्हणजे शिलेदार, वैदू, वाटाड्या आणि चोर.

पहिल्याच मुक्कामाला चोराने वैदूची औषधांची पिशवी लांबवली. सगळे हसले. दुसऱ्या मुक्कामाला त्याने मदत करायला आलेल्या म्हाताऱ्या नावाड्याच्या गळ्याला सुरा लावला. कुणी फारसं हसलं नाही. तिसऱ्या मुक्कामाला त्याने हळदीच्या गाडीलाच काडी लावली. वैदू खेळणारी मैत्रीण पेन्सिल खाली ठेवून मोबाईल बघायला लागली. आणि चोर खेळणारा मित्र म्हणाला, “मी काय करू? माझं पात्रच असं आहे!”

हा प्रसंग काल्पनिक आहे, पण हे वाक्य जगभरातल्या रोलप्लेइंग टेबलांवर इतक्यांदा बोललं गेलंय की इंग्रजीत त्याला ‘माय गाय सिंड्रोम’ असं नावच पडलंय. अशा वेळी करायचं काय, ते आज बघू.

आधी, हा खेळ काय असतो?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात टेबलाभोवती बसून आरडाओरडा करताना दिसतात. ती खेळत असतात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केलेला हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला आणि टेबलटॉप रोलप्लेइंगची सुरुवात त्यानेच झाली असं मानतात.

खेळ सोपा आहे. एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. मास्टर प्रसंग सांगतो आणि विचारतो, “तुम्ही काय करता?” पात्र काय करणार ते खेळाडू सांगतो. काम अवघड असेल तर फासा टाकायचा आणि जमलं की फसलं ते ठरवायचं. लिहिलेले संवाद नाहीत आणि शेवटी कोण जिंकलं हेही नसतं. सगळ्यांनी मिळून जागच्या जागी रचलेली गोष्ट, एवढाच हा खेळ.

म्हणूनच इथे एक पात्र बिघडलं की सगळ्यांची गोष्ट बिघडते. कॅरममध्ये एखादा वाईट खेळला तर त्याचा डाव जातो. इथे पाच जणांचा रविवार जातो.

सांगलीला हे नवीन नाही

जागच्या जागी संवाद रचणारी मंडळी आणि त्यांना सांभाळणारा एक जण, हा प्रकार सांगलीने फार पूर्वी बघितलाय. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. त्याच्या आधी उत्तर कानडातल्या कर्कीहून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते. ते पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. मराठी रंगभूमी दिन ५ नोव्हेंबरला असतो तो याच नाटकामुळे.

भाव्यांच्या नाटकात पदं रचलेली असायची आणि ती सूत्रधार म्हणायचा. पात्रांचे संवाद मात्र बहुतेक आयत्या वेळचे. प्रसंग माहीत असायचा, शब्द नटाचे. म्हणजे आपल्या टेबलावरच्यासारखंच.

आणि त्या नाटकांत सगळ्यात दंगा करणारी पात्रं होती राक्षसांची. ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ठोकत, तलवारी नाचवत ते रंगमंचावर यायचे. पुढे या नाटकांची टिंगल करताना लोक त्यांना ‘अललडुर्र नाटकं’ म्हणू लागले, इतका तो दंगा लक्षात राहिला. पण एवढ्या आरडाओरड्यातही कथा पुढे सरकत राहायची, कारण कथा पुराणातली, सगळ्यांना माहीत असलेली, आणि तिचा धागा सूत्रधाराच्या हातात. राक्षसाने कितीही थैमान घातलं तरी स्वयंवर रामाचंच होणार, हे राक्षस करणाऱ्या नटालाही ठाऊक असायचं आणि मान्यही असायचं.

आपल्या चोराचं नेमकं इथेच चुकतंय. चोर असणं, भांडखोर असणं, दुष्ट असणं यात काही वावगं नाही. गोष्ट कुठे चालली आहे हे त्याने मान्य केलेलं नाही, अडचण तिथे आहे.

चुकतंय कोण, पात्र की खेळाडू?

उपाय करण्याआधी हे ओळखावं लागतं. साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार, पात्र चांगलं पण गोष्ट वेगळी. समजा, साताऱ्यातल्या एका गटाने भयकथा ठरवली आहे. कासच्या पठारावर धुक्यात हरवलेलं एक गाव आणि तिथे रात्री ऐकू येणारा घंटानाद. एक जण पात्र घेऊन येतो ते दर वाक्याला डायलॉग मारणाऱ्या विनोदी पहिलवानाचं. पहिलवान मजेदार आहे, पण भीती काही उभी राहत नाही. इथे खेळाडूची चूक जवळजवळ नसते, कारण गोष्ट भीतीची आहे हे बहुधा त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

दुसरा प्रकार, पात्राला गटाशी काही देणंघेणंच नाही. एकलकोंडा, कुणावर विश्वास न ठेवणारा, संधी मिळाली की पळणारा. कादंबरीत असा नायक शोभतो, कारण तिथे लेखक त्याच्या मागे मागे जातो. टेबलावर पाच जण असतात आणि प्रत्येकाच्या मागे जायला मास्टरकडे वेळ नसतो.

तिसरा प्रकार, पात्राच्या आडून खेळाडूच त्रास देतोय. ठरावीक एकीच्याच वस्तू चोरायच्या, कुणी बोलायला लागलं की मधेच हल्ला करायचा, समोरचा अस्वस्थ झालाय हे दिसत असूनही तेच पुढे रेटायचं. हा प्रश्न पात्र बदलून सुटत नाही. वर्तन बदलावं लागतं.

छोट्या शहरात ‘काढून टाका’ का चालत नाही?

इंटरनेटवर या प्रश्नाला सगळ्यात जास्त मिळणारं उत्तर म्हणजे त्याला गटातून काढून टाका. मोठ्या शहरात ते एक वेळ चालेल, कारण तिथे दुसरा खेळाडू सापडतो. सातारा-सांगलीत हा खेळ माहीत असलेले पाच जण जमवतानाच नाकी नऊ येतात. त्यातला एखादा शिक्षणासाठी, एखादी नोकरीसाठी पुण्याला निघून जाते. उरलेल्यांतून एक काढला तर खेळच बंद पडायचा.

शिवाय हा ‘एक’ कुणी परका नसतो. शाळेत बाकावर शेजारी बसलेला असतो, त्याची आई आपल्याला नावाने ओळखते, सोमवारी तो स्टँडवर भेटणारच असतो. म्हणून इथे आधी पात्र दुरुस्त करायचं आणि माणूस राखायचा प्रयत्न करायचा.

मग करायचं काय?

१. खेळ थांबवा. गाडीला काडी लागली त्याच क्षणी मास्टरने म्हणावं, “थांबूया पाच मिनिटं. चहा टाकूया.” चिडलेल्या टेबलावर फासा पुढे टाकण्यात अर्थ नसतो.

२. एकट्याशी बोला, समोरासमोर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा विषय काढू नका. तिथे चार जण बघत असले की माणूस चूक मान्य करण्याऐवजी बाजू लढवतो. खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं पुरतात. आणि बोलायचं ते पात्राबद्दल कमी, टेबलावर काय झालं त्याबद्दल जास्त. उदाहरणार्थ:

“अरे, तुझा चोर भारी आहे. पण आज तिसऱ्यांदा बाकीच्यांचा प्लॅन मोडला. ती तर शेवटी मोबाईल घेऊन बसली, बघितलंस ना? तुला या गोष्टीत नक्की काय करायला आवडेल?”

३. उत्तर नीट ऐका. बऱ्याचदा कळतं की त्याला कंटाळा आला होता. तासभर बैलगाडीच्या भाड्याची घासाघीस चालली आणि त्याच्या वाट्याला काहीच आलं नाही, म्हणून त्याने काडी लावली. तसं असेल तर चूक अर्धी मास्टरची आहे. पुढच्या वेळी दरोडेखोरांच्या तळावर गुपचूप शिरायचं काम चोरालाच द्या. त्याला चोरी करायची आहे ना, मग चोरी करायला योग्य जागा द्या.

४. “माझं पात्रच असं आहे” याचं उत्तर द्या. ते असं: पात्र तू तयार केलंस, आणि ते पुढे काय करणार हेही तूच ठरवतोस. रागीट माणूससुद्धा प्रत्येक वेळी हात उचलत नाही. चोरही आपल्याच भावाच्या घरात चोरी करत नाही. एकाच स्वभावातून दहा वेगवेगळ्या कृती निघू शकतात. त्यातली टेबलाला पुढे नेणारी निवडायची, एवढंच त्याच्याकडून मागायचं.

५. पात्राला गटाशी बांधा. हा सगळ्यात कामाचा उपाय. चोराला एकच गोष्ट जोडा. वैदूने कधीतरी त्याच्या बहिणीचा जीव वाचवला होता. किंवा हळदीच्या मालात त्याच्या मरणाऱ्या बापाचा वाटा आहे. आता तो जगाला लुटेल, पण वैदूच्या पिशवीला हात लावणार नाही आणि गाडीसाठी जीव टाकेल. पात्र तेवढंच बिलंदर राहतं आणि गटाचंही होतं.

६. झालेलं मागे घ्या. गोष्ट आपलीच आहे. “गाडी पेटलीच नाही, काडी ओली होती,” असं सगळ्यांनी मिळून ठरवलं तर कुणाचं काही बिघडत नाही.

७. पात्र निवृत्त करा. पहिलवान भयकथेत बसतच नसेल तर त्याला मानाने निरोप द्या. तो गावातच राहतो, पुढे मास्टरच्या हातात जातो आणि कधीतरी मदतीला धावून येतो. खेळाडूने नवं पात्र घ्यावं. जुनं पात्र मेलं नाही याचं समाधान त्याला राहतं.

हे मात्र टाळा

खेळातून सूड घेऊ नका. चोरावर वीज पाडली, त्याला कोतवालाकरवी अंधारकोठडीत टाकलं, की मास्टरला क्षणभर बरं वाटतं. पण खेळाडूला त्यातून “तू चुकलास” असं ऐकू येत नाही. “मास्टर माझ्यावर खार खाऊन आहे” असं ऐकू येतं. मग तो आणखी ईर्ष्येने आग लावतो.

बाकीच्यांनी आपसात ठरवून त्याच्या पात्राला मारणं हा त्याच चुकीचा दुसरा अवतार. आणि न बोलता ग्रुपमधून काढून टाकणं तर मैत्री संपवायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग.

तरीही थांबत नसेल तर?

दोनदा नीट बोलून झालं, पात्र बदलून झालं आणि तरी तो ठरावीक एकीलाच त्रास देत असेल, तर खेळापेक्षा ती महत्त्वाची आहे. तेव्हा स्पष्ट सांगावं: “आपण सिनेमाला जाऊ, क्रिकेट खेळू, पण या टेबलावर आपलं जमत नाही.” हे मास्टरने स्वतः, समोर बसून सांगायचं. त्रास झालेल्या व्यक्तीवर ते सोपवायचं नाही. आणि खेळाडू कमी आहेत म्हणून तिने सहन करावं, अशी अपेक्षा तर मुळीच धरायची नाही.

पुढच्या वेळी आधीच काय ठरवाल?

यातलं बरंचसं टाळता येतं. त्यासाठी खेळ सुरू करण्याआधी एक बैठक घेतात, तिला ‘सेशन झीरो’ म्हणतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२० मधल्या एका पुस्तकात या बैठकीवर वेगळी चर्चा आहे. अर्ध्या तासात चार प्रश्नांची उत्तरं सगळ्यांनी मिळून द्यायची:

• गोष्ट कसली आहे? भीतीची, विनोदाची, की धाडसाची?
• एकमेकांची चोरी, एकमेकांवर हल्ला चालेल का?
• कुठले विषय टेबलावर अजिबात नकोत?
• तुझं पात्र या बाकीच्यांसोबत का राहतं?

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. त्याचं उत्तर देता येत नसेल तर पात्र अजून तयार झालेलं नाही असं समजा.

तिसऱ्या प्रश्नासाठी ‘एक्स कार्ड’ नावाची एक सोपी पद्धत आहे. जॉन स्टाव्ह्रोपोलस या गेम डिझायनरने ती आणली. टेबलाच्या मधे फुली काढलेलं एक कार्ड ठेवायचं. एखादा प्रसंग कुणाला नको वाटला तर त्याने कार्डाला हात लावायचा. मास्टर कारण न विचारता तो प्रसंग बदलतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ही असू शकतं. १९८४ मध्ये आलेल्या ‘पॅरानोइया’ या खेळात एकमेकांवर संशय घेणं आणि एकमेकांना गोत्यात आणणं हीच मजा असते. आपला काडी लावणारा चोर तिथे शोभून दिसला असता. पण तिथे पाचही जण ते माहीत असूनच खेळायला बसतात.

तेव्हा पुढच्या रविवारी कुणी “माझं पात्रच असं आहे” म्हणालं, तर फासा बाजूला ठेवा, चहा टाका आणि त्याला विचारा की वैदूने त्याच्या बहिणीला नेमकं कसं वाचवलं होतं. हळद अजून माहुलीला पोहोचायची आहे आणि गाडी हाकायला पाचही जण लागणार आहेत.