अमूर्त जलरंग कॅनव्हासवर : एका अस्तराची कुळकथा

घराच्या सजावटीसाठी कॅनव्हासवर जलरंगात काढलेले अमूर्त चित्र हा प्रकार अलीकडचा वाटतो. प्रत्यक्षात त्यातला जलरंग जुना आहे, अमूर्तता शंभर वर्षांहून अधिक वयाची आहे, आणि कापडावर चित्र काढण्याची रीत तर फारच पुरातन. खरे नवे म्हणावे असे एकच, कापड आणि रंग यांच्यामधले डब्यातून मिळणारे तयार अस्तर. या प्रकाराची कुळकथा मुख्यतः त्या अस्तराची आहे.

जलरंग म्हणजे बारीक कुटलेले रंगद्रव्य आणि डिंक. हा डिंक आफ्रिकेतल्या एका बाभूळवर्गीय झाडाचा. मराठवाड्यातल्या शेताच्या बांधावरची बाभूळ त्याचीच भाऊबंद. पाणी उडून गेले की डिंक रंगाला धरून ठेवतो, पण पुन्हा पाणी लागले की सोडूनही देतो. त्यामुळे खालच्या पृष्ठभागाने पाणी प्यायलाच हवे. कागद ते पितो. तैलरंगासाठी तयार केलेला कॅनव्हास मात्र पीत नाही. त्यावर जलरंगाचे थेंब अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे घरंगळतात.

भारतीय पटचित्रकारांना ही अडचण ठाऊक होती आणि तिचा उपायही. ओडिशाचे पटकार कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, तो घोटून गुळगुळीत करतात आणि मग त्यावर पाण्यातले रंग लावतात. युरोपात विसाव्या शतकात पॉल क्ले हा चित्रकार याच वाटेने गेला. त्याने विरळ विणीच्या कापडावर खडू किंवा प्लास्टरचे अस्तर चढवून त्यावर जलरंग वापरले. त्याच्याच काळातल्या वासिली कँडिन्स्कीचे पहिले अमूर्त जलरंगचित्र म्हणून जे प्रसिद्ध आहे, त्यावर १९१० हे साल लिहिलेले आहे. बरेच अभ्यासक ते १९१३चे मानतात. ते चित्र कागदावरचे आहे. तेव्हा अमूर्त आणि जलरंग यांची गाठ सुरुवातीलाच पडली होती, कॅनव्हास तेवढा मागाहून आला.

महाराष्ट्रात जलरंग रुजला तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षण मिळे. कोल्हापूरचे आबालाल रहिमान, पुढे सा. ल. हळदणकर यांनी पारदर्शक जलरंगावर असामान्य हुकूमत मिळवली. ही परंपरा निसर्गचित्राची आणि व्यक्तिचित्राची होती, कागदाची आणि काचेच्या चौकटीची होती. अमूर्ताकडे वळण मिळाले ते स्वातंत्र्याच्या आसपास. नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे १९४८ मध्ये जे. जे.मधून पदविका घेऊन बाहेर पडले. क्लेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. पुढे ते आपल्या चित्रांना अमूर्तापेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणणे पसंत करीत. क्लेचे ऋण पुढच्या पिढीतल्या प्रभाकर कोलते यांच्या चित्रांतही दिसते. गायतोंडे यांची ख्यातिप्राप्त चित्रे तैलरंगातली आहेत. तरी रंगाचे थर एकमेकांतून झिरपल्यासारखा त्यांचा परिणाम जलरंगाच्या जवळचा आहे. आज दिवाणखान्यात टांगल्या जाणाऱ्या पुष्कळ चित्रांना हाच परिणाम हवा असतो. साधतो क्वचितच.

अमेरिकेत हेलन फ्रँकेंथेलर हिने १९५२ साली अस्तर न लावलेल्या कॅनव्हासवर पातळ केलेला तैलरंग ओतून तो कापडात मुरू दिला. दिसायला ते भलेमोठे जलरंगचित्रच होते. १९५०च्या दशकातच पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग बाजारात आले, त्याच सुमारास कॅनव्हासवर द्यायचे ॲक्रिलिक अस्तर, म्हणजे गेसो, आले. पुढे जलरंग शोषून घेईल असे खास अस्तरही डब्यांतून मिळू लागले.

मराठवाड्याचा धागा यात उशिरा जोडला गेला. १९४८ पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात होते, आज लातूर जिल्ह्यात असलेला मुलूखही. १९५६ मध्ये हा भाग मुंबई राज्यात आला. पुढे राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी शाळकरी मुलांच्या हाती जलरंग दिले. त्यातली ‘संकल्पचित्र’ ही प्रश्नपत्रिका म्हणजे आकारांच्या मांडणीचा आणि रंगसंगतीचा सराव. अनेकांचा अमूर्ताशी पहिला परिचय तोच, फक्त त्याला कोणी तसे म्हणत नसे.

भिंतीही बदलल्या. दगडमातीच्या माळवदी घरात जाड भिंतींना कोनाडे आणि खुंट्या असत. तिथे देवादिकांच्या छापील तसबिरी शोभत. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपाने अशा भिंतींचा धोका दाखवून दिला आणि लातूर-उस्मानाबाद पट्ट्यात नवी गावे वसली. लातूर आणि नांदेड शहरांत सदनिकाही वाढत गेल्या. गिलाव्याच्या सपाट, मोकळ्या भिंतीला मोठे आणि हलके चित्र हवे असते. जलरंगाचा मोठा कागद काचेमागे ठेवला तर वजन वाढते, पावसाळ्यात तो फुगतो, बुरशीही धरतो. ताणलेल्या कॅनव्हासला काच लागत नाही.

पद्धत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. गेसो लावलेल्या कॅनव्हासवर शोषक अस्तराचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि निदान एक दिवस वाळू द्यावेत. काम आडव्या कॅनव्हासवर करावे. ओल्यावर ओला रंग सोडून तो पसरू दिला की आकार उमटतात. वरचा हात देताना खालचा रंग उचलला जातो, त्यामुळे कुंचला फार घासू नये. शेवटी वार्निश फवाऱ्यानेच द्यावे. पहिलाच थर कुंचल्याने दिला तर चित्र विरघळते. ही कटकट टाळण्यासाठी बाजारात ‘जलरंग’ म्हणून बरेचदा पातळ ॲक्रिलिकच विकले जाते. ते वाईट नसते, पण वाळल्यावर पाण्याने हलत नाही; खऱ्या जलरंगात ओल्या कापसाने कोपरा पुसला तर वार्निश नसल्यास रंग कापसाला लागतो. काही तांबडे-गुलाबी जलरंग उन्हात लवकर फिके पडतात, म्हणून पश्चिमेच्या खिडकीसमोरची भिंत अशा चित्राला देऊ नये.