नऊ चाळीसच्या आधी

२६ नोव्हेंबर २००८, बुधवार. रात्री नऊ चाळीसच्या सुमारास कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत पहिल्या गोळ्या सुटल्या. त्या रात्रीची हकीकत आपण बहुतेक वेळा इथूनच सांगायला घेतो. फार तर बोटीपासून. मला ती एका खबऱ्यापासून सांगायची आहे. मुंबईची खडान्‌खडा माहिती ज्याने लष्कर-ए-तैयबाला पुरवली, तो माणूस त्याआधी अनेक वर्षं अमेरिकी सरकारचा खबऱ्या होता.

अकरा वर्षं आधी

१९९७. न्यूयॉर्कमध्ये हेरॉइनच्या प्रकरणात दाऊद गिलानी, म्हणजे तोच हा माणूस, पकडला गेला. वडील पाकिस्तानी रेडिओतले नावाजलेले, आई अमेरिकन. ही त्याची पहिली अटक नव्हती. १९८८ साली फ्रँकफर्टच्या विमानतळावरही तो हेरॉइनसह सापडला होता. तेव्हा त्याने साथीदारांची नावं दिली आणि शिक्षा कमी करून घेतली. या खेपेलाही तेच केलं. अमलीपदार्थविरोधी खात्यासाठी, म्हणजे डीईएसाठी, तो काम करू लागला. सौदे जुळवायचे, बोलणी टेप करायची, माणसं जाळ्यात आणायची. एवढ्या गुन्ह्याला शिक्षा झाली जेमतेम सव्वा वर्षाची.

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणून पोलिसांना खबरे लागतात. ठाणे-कल्याणच्या कुठल्याही जुन्या हवालदाराला विचारा, खबऱ्याशिवाय गुन्हा उघडकीला येत नाही असंच तो सांगेल, आणि ते खरंही आहे. पण चांगला अधिकारी टीप घेताना माणसावरही नजर ठेवतो. हा आज कोणाबरोबर बसतो, याच्या हातात पैसा कुठून आला, हा आपल्याला जे देतो त्याहून जास्त तिकडे तर देत नाही ना?

सात वर्षं आधी

२००१. ११ सप्टेंबरनंतर अमेरिकेला पाकिस्तानी टोळ्यांची माहिती हवी होती, आणि गिलानी उर्दू बोलणारा, लाहोरात नातीगोती असलेला माणूस. वर्ष संपता संपता त्याच्यावरची न्यायालयीन देखरेख मुदतीआधीच उठवण्यात आली. त्याच सुमारास यंत्रणांना कळवण्यात आलं होतं की हा माणूस जहाल झाला आहे. त्याची चौकशी झाली. मी तर सरकारचंच काम करतो, असं त्याने सांगितलं आणि तो सुटला.

२००२च्या फेब्रुवारीत तो लष्करच्या शिबिरात होता. पुढच्या तीन वर्षांत आणखी चार खेपा. खबऱ्या म्हणून तो नेमका कधी बंद झाला, याबद्दल अमेरिकी यंत्रणांची उत्तरं एकमेकांशी आजही जुळत नाहीत.

तीन वर्षं आधी

ऑगस्ट २००५. न्यूयॉर्कमधल्या पत्नीने मारहाणीची तक्रार केली आणि सोबत हेही सांगितलं की नवरा लष्करच्या शिबिरांत जाऊन आला आहे. जबाब नोंदवला गेला. कागद बंद झाला.

फेब्रुवारी २००६. फिलाडेल्फियात त्याने नाव बदललं. आता तो डेव्हिड कोलमन हेडली, आणि पासपोर्टवर दाऊद नाही, गिलानी नाही. शिकागोच्या भारतीय वकिलातीतून त्याने व्हिसा मिळवला.

दोन वर्षं आधी

सप्टेंबर २००६ ते जुलै २००८, मुंबईच्या पाच फेऱ्या. ताडदेवच्या एसी मार्केटमध्ये इमिग्रेशनच्या कामाचं ऑफिस, ब्रीच कँडीत पेइंग गेस्ट, जिममध्ये दोस्ती. ऑफिस त्याच्या शाळासोबत्याच्या, तहव्वूर राणाच्या धंद्याची शाखा म्हणून थाटलेलं. ताजमध्ये तो राहिला, मजले आणि जिने चित्रित केले. सीएसटी पाहिलं, लिओपोल्ड पाहिलं, नरिमन हाऊस पाहिलं.

डीईएने त्याला जे शिकवलं तेच त्याने मुंबईत वापरलं, असं मला वाटतं. खोटं नाव अंगवळणी पाडणं, खोटा धंदा चालवणं, समोरच्याला बोलतं करणं. सिद्धिविनायकाच्या बाहेर हाताला बांधायचे लाल-पिवळे धागे मिळतात. तिथे त्याने दहापेक्षा जास्त धागे विकत घेतले आणि पाकिस्तानात नेऊन लष्करमधला त्याचा सूत्रधार साजिद मीर याच्या हाती दिले. हल्ल्याला जाणारी मुलं हिंदू कॉलेजकुमार वाटावीत म्हणून. त्यांच्यातल्या अजमल कसाबच्या मनगटावरचा धागा त्या रात्रीच्या फोटोत साऱ्या जगाने पाहिला.

सात महिने आधी

एप्रिल २००८. हातात जीपीएस घेऊन हेडली समुद्रात फिरला. कुठे उतरलं तर कोणी विचारणार नाही, हे त्याला पाहायचं होतं. कफ परेडजवळचं बधवार पार्क पसंत पडलं. मच्छीमारांची वस्ती, रस्ता हाकेच्या अंतरावर, टॅक्स्या उभ्या.

त्याच्या आदल्या चार-पाच महिन्यांत त्याची आणखी एक पत्नी इस्लामाबादच्या अमेरिकी दूतावासात जाऊन आली होती. नवरा लष्करचा आहे, मुंबईला जातो, मीही त्याच्याबरोबर ताजमध्ये राहिले आहे, असं तिने सांगितलं. घरगुती भांडणातली बाई, असा शिक्का तिच्यावर बसला. चिडलेल्या बायकोचा शब्द हलका आणि सरकारी खबऱ्याचा शब्द भारी. या एका पूर्वग्रहाची किंमत मुंबईने मोजली.

तीन महिने आधी

इकडेही घड्याळ चालूच होतं. समुद्रमार्गे हल्ल्याचे आणि ताजचं नाव घेतलेले इशारे येत होते. परिमंडळ एकचे पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील यांनी ऑगस्टमध्ये ताजची पाहणी करून बंदोबस्ताच्या सूचना दिल्या. पुढे राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने दाखवून दिलं, की इशारे सुटे सुटे आले, एकत्र कोणी वाचले नाहीत. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये दहा जणांना पाठवण्याचे दोन प्रयत्न फसले, असं हेडलीने नंतर सांगितलं. एकदा तर बोट खडकावर आदळली. दैवाने दोनदा मुदत वाढवून दिली होती.

हल्लेखोरांसाठीची काही भारतीय सिमकार्डं कोलकात्यात घेतलेली होती. त्या प्रकरणी डिसेंबरात पकडलेल्या दोघांपैकी एक निघाला जम्मू-काश्मीर पोलिसांचाच, अतिरेक्यांत घुसवलेला माणूस. त्याला सोडा, म्हणून श्रीनगरहून गळ घालण्यात आली. खबऱ्यांची कामगिरी अशी दोन्ही देशांत उलटत होती.

चार दिवस आधी

२२ नोव्हेंबर. दहा जण कराचीहून निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मच्छीमार बोट बळकावली. चार खलाशी मारले आणि वाट दाखवायला तांडेल अमरसिंह सोळंकी यांना जिवंत ठेवलं.

२६ नोव्हेंबर, दुपारी ४

किनारा चार सागरी मैलांवर आला. आता तांडेलाची गरज उरली नव्हती. सोळंकींचा गळा चिरण्यात आला. अंधार पडेपर्यंत दहा जण थांबले आणि मग रबरी होडीत उतरले.

रात्री ८.३०

बधवार पार्क. त्या संध्याकाळी कटकला भारत-इंग्लंड सामना चालू होता, वस्तीतली बरीच मंडळी टीव्हीपुढे होती. तरीही होडीतून पाठपिशव्या घेऊन उतरणारी पोरं कोळ्यांच्या नजरेतून सुटली नाहीत. कोण, कुठले, असं विचारणाऱ्यांना त्यांनी उडवून लावलं. हेडलीचा अंदाज इथे चुकला. या माणसांनी विचारलं. परवाने आणि शिक्के हातात असलेल्या कितीतरी लोकांनी सात वर्षांत जे विचारलं नव्हतं, ते.

दोन-दोनच्या पाच जोड्या झाल्या. कसाब आणि त्याचा जोडीदार इस्माईल टॅक्सीने सीएसटीकडे निघाले.

९.४०

लिओपोल्ड. मग ताज, नरिमन हाऊस, ओबेरॉय-ट्रायडंट. लाहोरमध्ये हेडलीच्या फोनवर साजिद मीरचा निरोप आला : टीव्ही लाव.

९.५०

सीएसटीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या हॉलमध्ये हातबॉम्ब फुटला आणि एके-४७ सुरू झाल्या. गावाकडच्या गाडीची वाट पाहत, सामानाला टेकून बसलेली कुटुंबं होती. त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसं गेली.

पलीकडे लोकलचे फलाट. दहाच्या आगेमागे तिथून निघणारा माणूस कल्याण-डोंबिवलीचा असतो, नाहीतर कसारा लोकल धरून शहाड, आंबिवली, टिटवाळ्यामागून खडवलीला उतरणारा. आमच्या भागातली पिढ्यान्‌पिढ्यांची रोजची वाट आहे ती. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी वरच्या केबिनमधून आवाज ऐकला. पहिल्यांदा स्फोट वाटला, मग बंदूकधारी दिसले. ते माइकवरून सांगत राहिले : पुढे येऊ नका, एक नंबर फलाटाच्या मागच्या बाजूने बाहेर पडा. गोळ्या त्यांच्या केबिनच्या दिशेनेही आल्या. किती प्रवासी त्या आवाजामागे वळून वाचले, याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नाही. पण खडवली-वासिंदच्या कितीतरी घरांत माणूस त्या रात्री उशिरा का होईना परतला, त्यात या माइकचा वाटा आहे.

साडेदहाच्या आगेमागे

टॅक्स्यांत ठेवलेले बॉम्ब वाडीबंदर आणि विलेपार्ल्याला फुटले. शहरभर हल्लेखोर पसरले आहेत असा समज झाला, आणि कराचीत बसलेल्यांना तेच हवं होतं.

११.५० ते १२

सीएसटीहून कसाब आणि इस्माईल कामा रुग्णालयात शिरले होते. तिथे पोलीस अधिकारी सदानंद दाते आणि त्यांचे सहकारी हातबॉम्ब झेलत तग धरून होते. बाजूच्या रंगभवन गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर एका क्वालिसमध्ये होते. गाडीतले अरुण जाधव सोडून सगळे मारले गेले. जखमी जाधव मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांखाली निपचित पडून राहिले, पुढे कसाब आणि इस्माईल तीच गाडी हाकत होते. टायर फुटला, दोघांनी गाडी सोडली, तेव्हा जाधवांनी वायरलेस गाठून खबर दिली. त्या सबंध हकिकतीत सर्वांत मोलाची खबर ही होती, आणि ती देणाऱ्याने बदल्यात काहीही मागितलं नव्हतं.

१२.३०

गिरगाव चौपाटीची नाकाबंदी. इस्माईल मेला. नाकाबंदीवरचे पोलीस तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला, म्हणून कट कराचीपर्यंत सिद्ध करता आला. ताजमधली लढाई २९ तारखेच्या सकाळी संपली. १६६ माणसं गेली.

त्यानंतर

हेडली आणखी दहा महिने मोकळा होता. त्या काळात तो पुन्हा भारतात येऊन गेला आणि डेन्मार्कमधल्या एका वृत्तपत्रावरच्या हल्ल्याची आखणी करत राहिला. ३ ऑक्टोबर २००९ रोजी शिकागोच्या विमानतळावर तो पकडला गेला आणि लगेच बोलू लागला. फ्रँकफर्टला बोलला होता, न्यूयॉर्कला बोलला होता, तसाच. मार्च २०१०मध्ये त्याने गुन्हे कबूल केले. २०१३च्या जानेवारीत ३५ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर २०१५मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार केलं आणि ८ फेब्रुवारी २०१६पासून सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी व्हिडिओवरून त्याची साक्ष घेतली. एप्रिल २०२५मध्ये राणा भारताच्या ताब्यात आला. हेडली येणार नाही. कबुलीच्या करारात त्याने दोन गोष्टी लिहून घेतल्या आहेत : फाशी नको आणि भारताच्या हवाली करायचं नाही.