लकव्यानंतर मेंदूला बाहेरून चालना : हा इलाज नेमका काय आहे?

कुणी लकवा म्हणतो, कुणी पक्षाघात. आपल्या घरांत वडीलधारी माणसे फालिज म्हणतात. नाव काहीही असो, घरातल्या कमावत्या माणसाचा उजवा हात अचानक लुळा पडला की सगळे घर हलते. मग जो जे सांगेल ते करून बघितले जाते. हल्ली त्यात ‘डोक्यावर मशीन लावून हात सुरू करतात’ ही गोष्टही ऐकू येते. त्यात खरे किती, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

हात का थांबतो?

हातात दोष नसतो, दोष मेंदूत असतो. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की त्या भागातल्या पेशी मरतात. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवी बाजू जाते, उजव्याला झाली तर डावी. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण आजूबाजूच्या जिवंत पेशी नवे जोड तयार करून ते काम काही प्रमाणात शिकू शकतात. व्यायामाने रुग्ण सुधारतो तो यामुळेच.

मशीन काय करते?

हे मशीन दोन प्रकारचे असते. दोन्हींत डोक्याला चीर नाही, भूल नाही.

पहिला प्रकार टीएमएस, म्हणजे चुंबकीय चालना. दहावीच्या विज्ञानात आम्ही मुलांना विद्युतचुंबकीय प्रवर्तन शिकवतो. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवले. इथेही तेच तत्त्व आहे. तारेचे कुंडल डोक्याजवळ धरतात, त्यात क्षणभर जोरात वीज सोडतात आणि कवटीच्या आत मेंदूच्या पेशींत हलकी वीज तयार होते. इंग्लंडमधील शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी 1985 मध्ये हे करून दाखवले. हात चालवणाऱ्या भागावर ठोका दिला की बोटे आपोआप हलतात.

ठोके सेकंदाला एक किंवा त्याहून कमी दिले तर तो भाग शांत होतो, पाच किंवा जास्त दिले तर जागा होतो, असा ढोबळ नियम आहे. लकव्यानंतर मेंदूची चांगली बाजू कमजोर बाजूला दाबते, असे एक मत आहे. म्हणून कधी चांगली बाजू शांत करतात, तर कधी कमजोर बाजू जागी करतात.

दुसरा प्रकार टीडीसीएस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज डोक्याला लावून साधारण 20 मिनिटे 1 ते 2 मिलिअँपिअर इतकी सौम्य वीज सोडतात.

फायदा होतो का?

2020 मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यास तपासले. लकव्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात, चांगल्या बाजूवर मंद ठोके दिल्यास हाताच्या हालचालीला फायदा होतो, असे मत त्यांनी दिले. पण 2018 मध्ये अमेरिकेतील 12 केंद्रांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. लकव्याला तीन ते बारा महिने झालेले 199 रुग्ण त्यात होते. काहींना खरे मशीन लावले, काहींना नकली. व्यायाम मात्र दोघांनाही दिला. सहा महिन्यांनी खऱ्या मशीनवाले 67 टक्के सुधारले होते आणि नकलीवाले 65 टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच!

हा आकडा नीट बघा. नकली मशीन लावलेलेही निम्म्याहून जास्त लोक सुधारले. मशीन असो वा नसो, दोन्ही गटांत समान होता तो व्यायाम. मशीन फार तर व्यायामाचे साथीदार आहे, त्याची जागा घेणारे नाही. शिकवणीला फी भरली म्हणून पोरगा पास होत नाही, अभ्यास त्यालाच करावा लागतो. तसेच हे.

कोणी सावध राहावे?

डोक्यात धातूची क्लिप, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर किंवा फिट येण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. चुंबकीय चालनेत क्वचित फिट येऊ शकते. डोके दुखणे, चुणचुणणे असे किरकोळ त्रास होतात. व्हिडिओ बघून घरी बॅटरीचे प्रयोग तर अजिबात करू नका.

पैसे भरण्याआधी विचारा

आमच्या रुग्णाला हे का सुचवता? मशीनबरोबर व्यायाम कोण घेणार, किती वेळ? किती बैठका, एकूण खर्च किती? फायदा झाला की नाही हे कसे मोजणार? ‘हात शंभर टक्के सुरू होईल’ अशी हमी कोणी देत असेल तर उठून घरी या.

दागिने मोडून मशीनच्या मागे लागण्याआधी फिजिओथेरपी नियमित सुरू ठेवा. कमजोर हाताने ग्लास उचलणे, बटण लावणे, कपडे घडी घालणे रोज करवून घ्या. दया म्हणून सगळे आपणच करून दिले, तर तो हात शिकणार कधी?

आणि सर्वांत महत्त्वाचे: तोंड वाकडे झाले, हात पडला, बोबडी वळली तर मालिश करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. त्या वेळी वाचलेला मेंदू नंतर कोणतेही मशीन परत देऊ शकत नाही.