साचातडा व इतर टांकसाळ-दोष

टांकसाळ-दोष : नाणे पाडताना साच्यात, कोऱ्या चकतीत किंवा ठोक्यात राहिलेल्या उणिवेची नाण्यावर उमटलेली खूण. चलनात फिरताना पडलेले ओरखडे, पोचे, झीज आणि मुद्दाम केलेली खाडाखोड यांत मोडत नाही. हा फरक ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरका उजेड पुरतो.

साच्याचे दोष : साचा कठीण पोलादाचा असतो, पण ठोके सोसून त्यालाही तडा जातो. पुढच्या ठोक्याला चकतीचा धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर उंचावलेली रेघ उमटते. ओरखड्याची रेघ खोलगट असते. म्हणून पहिला प्रश्न एकच : रेघ वर आली आहे की आत गेली आहे? साचातडा बहुधा अक्षरांच्या टोकांना टेकत, सपाट भाग आणि उठाव दोन्ही ओलांडत कडेपर्यंत जातो. त्याच साच्याच्या इतर नाण्यांवरही तो त्याच जागी सापडतो. कडेचा तुकडाच निखळला, तर तिथे नक्षी नसलेला उंच फुगवटा येतो आणि मागच्या बाजूचा नेमका तेवढा भाग पुसट उठतो, कारण तिथला धातू समोरच्या खळग्यात गेलेला असतो.

मध्ये चकती नसताना दोन्ही साचे एकमेकांवर आदळले, की एकीकडच्या नक्षीच्या कडा दुसरीकडे उलट्या, अंधूक दिसतात. असा साचा घासून पुन्हा वापरतात. डेन्व्हर टांकसाळीच्या १९३७ च्या पाच सेंटच्या नाण्यावरील बायसनचा पुढचा एक पाय अशाच अति घासण्याने नाहीसा झाला. या ‘तीन पायांच्या’ नाण्याला मोठी मागणी असल्याने साध्या नाण्यावरचा पाय खरवडूनही ते विकले जाते. अस्सल नाण्यात बायसनच्या पोटाखालून जमिनीपर्यंत बारीक उंच ठिपक्यांची ओळ असते. खरवडून ती आणता येत नाही.

दुहेरी साचा : पूर्वी मूळ उठावाचा ठसा एकापेक्षा अधिक वेळा दाबून साचा घडवीत. दोन दाबांमध्ये तो किंचित फिरला, की साच्यातच नक्षी दोनदा कोरली जाई. फिलाडेल्फियात पडलेल्या १९५५ च्या लिंकन सेंटवर वर्ष आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांनाही दुहेरी दिसतात. मागची बाजू मात्र स्वच्छ आहे. ठोक्याच्या क्षणी सैल साचा हलला तरी दुहेरीपणाचा भास होतो, पण त्यात अक्षराची कड चपटी होऊन पायरीसारखी दिसते. खऱ्या दुहेरी साच्यात अक्षरे रुंदावतात आणि टोकाशी दुभंगतात.

चकतीचे व ठोक्याचे दोष : पट्टीतून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पुन्हा कापणी झाली, तर चकतीला अर्धचंद्राकृती खाच पडते. खाचेच्या बरोबर समोरची कड बहुधा दबलेली असते. कात्रीने किंवा कानशीने कापलेल्या नाण्यात ती शाबूत राहते. चकती सरकली, तर नक्षी एका बाजूला जाऊन उरलेला भाग कोरा राहतो. आधीचे नाणे साच्याला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर त्याची उलटी, खोल प्रतिमा उठते. न जुळणारे साचे जोडीने लावल्याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे ब्रिटनचे वर्ष नसलेले २० पेन्सचे नाणे. २००८ मध्ये रचना बदलून वर्ष दुसऱ्या बाजूला नेले, पण काही नाण्यांना एका बाजूचा जुना साचा लागला आणि वर्ष कुठेच आले नाही.

हातठोक्याची नाणी : शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असा लेख असतो. चकती अनेकदा साच्याहून लहान असे, त्यामुळे एखादे अक्षर किंवा ठिपक्यांची कड बाहेर राहते. तेव्हाच्या पद्धतीत हे नित्याचे होते. त्याला दुर्मीळ दोष म्हणून जास्त किंमत मागणे गैर आहे. साचातडे मात्र अशा नाण्यांत अभ्यासकांना मोलाचे वाटतात. शिवराईप्रमाणे ज्यांवर वर्ष नसते, ती एकाच साच्याची नाणी तडा वाढत गेल्याच्या क्रमाने मांडली, की कोणते आधी पडले ते कळते. प्राचीन ग्रीक व रोमन नाण्यांचे कालक्रम लावतानाही ही रीत वापरतात. हातोडा थेट वरच्या साच्यावर पडत असल्याने तो सहसा लवकर फुटे. खालचा तोच राहून वरचा बदलला, की दोन गटांची साखळी जुळते.