गोल्फ : ताकदीपेक्षा डावपेच मोलाचे

गोल्फ हा साहेबांचा खेळ, असा समज आपल्याकडे दीर्घकाळ रूढ आहे. ब्रिटिश अमदानीत हा खेळ भारतात आला आणि १८२९ मध्ये कोलकात्यात रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब स्थापन झाला. खानदेशाच्या शेजारी नाशकात हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक आजही 'गोल्फ क्लब मैदान' म्हणतात, ती त्याच काळाची खूण होय. धुळे-जळगाव परिसरात मात्र कुस्ती, कबड्डी, क्रिकेट यांच्या तुलनेत गोल्फ रुजला नाही. येथील ज्या हौशी खेळाडूला या खेळाची गोडी लागते, त्याला बहुधा पुण्यातील येरवड्याचे जुने मैदान, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब किंवा सिडकोने उभारलेले खारघरचे मैदान गाठावे लागते. वर्षाकाठी चार-दोन फेऱ्याच वाट्याला येत असतील, तर फटक्याची ताकद वाढविणे अवघड असते. निर्णय सुधारणे मात्र घरबसल्याही शक्य असते.

गणित आधी, फटका नंतर

पूर्ण मैदान १८ होलचे असते आणि पार बहुधा ७२ असतो. प्रत्येक होलवर पारपेक्षा एक फटका जास्त, म्हणजे बोगी, लागली तरी एकूण गुणसंख्या ९० होते. नवख्या खेळाडूला शंभरच्या आत येणेही जड जाते, हे ध्यानात घेता ही संख्या उत्तमच म्हणावी लागेल.

उदाहरणार्थ, ४०० यार्डांचा पार ४ होल घेऊ. ज्याचा खात्रीचा फटका १६० यार्डांचा आहे, त्याने १६०, १६० आणि ८० यार्ड असे तीन फटके मारावेत आणि ग्रीनवर दोन पट करावेत. पाच फटक्यांत काम होते. उलट, ड्रायव्हरने सर्व जोर लावलेला चेंडू पांढऱ्या खुंट्यांपलीकडे, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर गेला, तर दंडाचा एक फटका मोजून पुन्हा मूळ जागेवरूनच खेळावे लागते. टीवरून मारलेला दुसरा चेंडू हा हिशेबाने तिसरा फटका ठरतो. तात्पर्य, होलचा आराखडा ग्रीनकडून टीकडे, असा उलट्या क्रमाने मांडावा. शेवटचा फटका कोणत्या अंतरावरून सोयीचा पडतो, हे आधी ठरवावे आणि त्यानुसार पहिल्या फटक्याची काठी निवडावी. नियमाने पिशवीत १४ काठ्या ठेवता येतात. टीवर ड्रायव्हरच काढावा, असा कोणताही नियम नाही.

झेंड्याचा मोह

होल ग्रीनच्या कडेला, बंकरलगत असेल, तर झेंडा खेळाडूला मोहात पाडतो. हौशी खेळाडूचे फटके एका बिंदूवर न पडता विस्तृत पट्ट्यात विखुरतात. त्यामुळे नेम ग्रीनच्या मध्यावर धरणे शहाणपणाचे ठरते. शिवाय बहुतेकांचा चेंडू ग्रीनच्या अलीकडेच पडतो, कारण प्रत्येक काठीचे अंतर आपल्या सर्वोत्तम फटक्यावरून गृहीत धरले जाते. ते सरासरी फटक्यावरून मोजावे.

ग्रीनवरही अपेक्षा माफक हव्यात. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या पीजीए टूरवरील फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास केला. तेथील व्यावसायिक खेळाडूही आठ फुटांवरून सुमारे निम्मेच पट होलमध्ये घालतात. मग हौशी खेळाडूने तीस फुटांवरून होलचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. चेंडू होलजवळ थांबवणे आणि तिसरा पट टाळणे, हेच तेथील उद्दिष्ट असावे.

वारा आणि जमीन

साक्री तालुक्यातील पवनचक्क्या पाहणाऱ्या धुळेकरांना वाऱ्याची ओळख करून द्यायला नको. वारा समोरून असताना अधिक जोराने मारणे ही सर्वसामान्य चूक होय. जोराच्या फटक्याने चेंडूची उलटी फिरकी वाढते, तो उंच चढतो आणि वाऱ्यात अडकतो. एक-दोन क्रमांक लांब पल्ल्याची काठी घेऊन संथपणे मारलेला ठेंगणा फटका अधिक उपयोगी पडतो. उन्हाळ्यात जमीन टणक असल्याने चेंडू पडल्यानंतर बराच पुढे घरंगळतो. पावसाळ्यात तो पडल्या जागी रुतून बसतो. एकाच होलवर मे आणि ऑगस्टमध्ये वेगळी काठी लागते, ती यामुळेच.

दोन धडे

१९९९ मध्ये स्कॉटलंडमधील कार्नुस्टी येथील ब्रिटिश ओपनमध्ये फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द तीन फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या होलवर आला. पार ४ च्या त्या होलवर सहा फटके घेऊनही तो विजेता ठरला असता. त्याने ड्रायव्हर काढला. पहिला चेंडू भरकटला, दुसरा प्रेक्षक-गॅलरीवर आदळून दाट गवतात पडला, तिसरा ओढ्यात गेला. अखेर सात फटके झाले आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी विजयी ठरला. आघाडी असताना धोका पत्करण्याचे कारण नव्हते, हा या प्रसंगाचा धडा.

दुसरे उदाहरण बंगळुरूच्या अदिती अशोकचे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये लांब फटके मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे तिचे टीवरील फटके आखूड पडत होते. तरीही अचूक पटिंग आणि संयम यांच्या बळावर ती चौथी आली. पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्याच ऑलिंपिकच्या पुरुष गटात पुण्याच्या उदयन मानेनेही भारताचे प्रतिनिधित्व केले होते.

अडचणीतून सुटका

चेंडू झाडीत गेल्यावर फांद्यांमधल्या फटीतून ग्रीन गाठण्याचे साहस बहुधा महागात पडते. आडवा छोटा फटका मारून फेअरवेवर परतावे. चेंडू खेळण्याजोगा नसेल, तर एका फटक्याचा दंड घेऊन तो नियमानुसार दुसरीकडे ठेवता येतो. एक चूक एका फटक्यातच संपवणे, हे या खेळातील सर्वांत मोठे कौशल्य आहे.

घरचा अभ्यास

मैदान दूर असले, तरी सतरंजीवर किंवा अंगणात तीन-चार फुटांच्या पटिंगचा सराव रोज करता येतो. त्याचबरोबर एक वही ठेवावी. प्रत्येक फेरीनंतर दंडाचे फटके, तीन पट लागलेली ग्रीन आणि झाडीतून केलेली निष्फळ साहसे यांची नोंद करावी. अशा तीन-चार फेऱ्यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, की फटके नेमके कोठे वाया जातात, हे दिसू लागते. पुढच्या फेरीची आखणी त्यावरूनच करावी.