चीनचे अभ्यासक गो. पु. देशपांडे यांचे निधन



चीनचे राजकारण आणि परराष्ट्र धोरण यांचे अभ्यासक, नाटककार गोविंद पुरुषोत्तम देशपांडे यांचे १६ ऑक्टोबर २०१३ रोजी पुण्यात निधन झाले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे चीनविषयक अध्यापन केले.

ठाणे-डोंबिवलीच्या नाट्यरसिकाला 'गोपु' माहीत आहेत ते 'उद्ध्वस्त धर्मशाळा'मुळे. चीनवर लिहिणारे गोपु आपल्याकडे फारसे कुणी वाचले नाहीत, तोटा आपलाच. १९६२च्या युद्धानंतर चीन म्हटले की राग किंवा धास्ती, एवढेच आपल्याला ठाऊक होते. त्या काळात त्यांनी माओची सांस्कृतिक क्रांती चालू असतानाच तिचा अभ्यास केला आणि चिनी धोरणामागचा विचार गांभीर्याने घेतला. ते स्वतः डावे होते, हेही विसरून चालणार नाही.

त्यांच्या निधनानंतर आठवड्याभरात, २३ ऑक्टोबरला, बीजिंगमध्ये भारत-चीन सीमा संरक्षण सहकार्य करार झाला. प्रत्यक्ष नियंत्रणरेषेबाबत एकमत नाही तिथे एकमेकांच्या गस्ती तुकड्यांचा पाठलाग करायचा नाही, असे त्यात ठरले होते. तरी जून २०२० मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीत २० भारतीय जवान शहीद झाले. कराराचा कागद कुठे कमी पडला, हे समजायला चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या आतले राजकारण वाचता यावे लागते. आपण मात्र दिवाळी आली की कल्याणच्या बाजारात चिनी माळा घ्याव्यात की नाही, यावर हुज्जत घालतो. माळा खपतातच.